निळ्या ड्रममधलं पाणी

बी विंग, सर्व सभासद (शनिवार)

जोशी काकू ३०२: नमस्कार. गेटजवळचा मोगरा पार करपलाय. अनंताची पानं कडेने तपकिरी. माळी म्हणतो, निळ्या ड्रममधलंच पाणी घातलं. ड्रमच्या तळाशी पांढरा गाळही आहे. ४०२ वाल्यांनी खुलासा करावा. गणपतीतला विषय मी काढत नाहीये.

सावंत १०४: निळ्या ड्रमचं झाकण माझं आहे. मार्चपासून मागतोय.

नितीन ४०२: सॉरी काकू. ड्रममध्ये आरओचं वाया जाणारं पाणी टाकतो, कमिटीनेच सांगितलं होतं. मंगळवारी माझ्या समुद्री माशांच्या टाकीचं पाणी बदललं, तेव्हा मदतीला आतेभाऊ होता. त्याने तेही त्यातच ओतलं.

जोशी काकू ३०२: म्हणजे खारं??

नितीन ४०२: ४० लिटर असेल.

पाटील सर २०१: लिटरला ३५ ग्रॅम धर. १ किलो ४०० ग्रॅम मीठ. मोगऱ्याचं लोणचं घातलंस की रे.

शिर्के ६०१: 😂😂 इथे प्यायला पाण्याची बोंब आणि ४०२ मध्ये समुद्र. मासे मालवणला सोडा ना.

नितीन ४०२: खारं पाणी रोज नाही लागत. जेवढं उडतं तेवढं गोडं पाणी घालतो, मीठ काही उडत नाही. आणि तुमच्या टँकरने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ७० चा ५८० होतो, माझ्या फिल्टरमधलं क्षार शोषणारं रेझिन दोन आठवड्यांत संपतं.

शिर्के ६०१: "तुमच्या"? टँकरचे पैसे सगळेच भरतात. काही जण तीन महिन्यांनी भरतात, ते सोडा.

नितीन ४०२: नाव घेऊन बोला.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. मोगऱ्यावर बोलू या 🙏

सावंत १०४: आणि झाकणावर.

नितीन ४०२: मग माझंही ऐका. गेल्या रविवारी गच्चीवरची टाकी धुतली, ब्लीचिंग पावडर टाकली. ग्रुपवर एक ओळ नाही! माझे प्रवाळ मिटून बसलेत.

सेक्रेटरी: नोटीस लिफ्टमध्ये लावली होती.

नितीन ४०२: लिफ्ट बंद होती.

देशमुख वहिनी ५०३: एक मिनिट. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तुझ्याकडे कोणते?

नितीन ४०२: मऊच आहेत वहिनी, झोआ आणि मशरूम. हे ग्रुपवर विचारायलाच हवं होतं का?

पाटील सर २०१: केएच, म्हणजे पाण्याची अल्कता, किती आला होता?

नितीन ४०२: रविवारी ६.४. नेहमी ८ असतो. घाबरून सोडा टाकला, सोमवारी ११. पाणी दुधासारखं झालं, पंपावर पांढरा खर. म्हणून तर मंगळवारी पाणी बदललं.

पाटील सर २०१: त्याआधी कधी बदललं होतंस?

नितीन ४०२: दीड महिना झाला. टँकर चालू होते ना.

पाटील सर २०१: मॅग्नेशियम?

नितीन ४०२: ११००

पाटील सर २०१: मग ब्लीचिंगवर खापर कशाला फोडतोस? मॅग्नेशियम १३०० च्या आसपास हवं. ते कमी पडलं की कॅल्शियम पाण्यात टिकत नाही. त्यात तू भसकन सोडा ओतलास, दोन्ही मिळून चुनखडी झाली. काकूंचा पांढरा गाळ तोच. केएच दिवसाला १ पेक्षा जास्त चढवायचा नसतो. आधी मॅग्नेशियम सावकाश वर आण. सोडा आणि कॅल्शियम एकदम घालू नकोस.

सेक्रेटरी: म्हणजे कमिटीचा दोष नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पाटील सर २०१: तसं नाही म्हटलं मी. क्लोरीन टीडीएस मीटरवर कळत नाही, याच्या फिल्टरमधला क्लोरीन शोषणारा कार्बन जुना असेल तर तेही बाधलं असेल. सांगायला हवं होतं तुम्ही.

जोशी काकू ३०२: सोडा म्हणजे मी ढोकळ्यात घालते तोच?

पाटील सर २०१: तोच. काही जण चुन्याची निवळीही घालतात.

शिर्के ६०१: ढोकळा, चुना, मीठ. पान कोण आणतंय?

सावंत १०४: निळ्या ड्रमचं झाकण माझं आहे.

जोशी काकू ३०२: सर, मोगऱ्याचं काय करू ते सांगा. माझ्या सासूबाईंनी लावलेला आहे.

पाटील सर २०१: साधं पाणी भरपूर सोडा, पाच-सहा बादल्या, खालून निचरा झाला पाहिजे. आज आणि परवा. मुळं शाबूत असली तर फुटेल.

नितीन ४०२: काकू, मी खाली येतो. बादल्या माझ्या.

शिर्के ६०१: पाणी कुणाचं? टँकर ५ ला आहे.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

नितीन ४०२: सावंत काका, झाकण सापडलं. माझ्या मिठाच्या बादलीवर होतं.

सावंत १०४: धुवून आणा.