शब्दचर्चा: 'ऑन द जॉब ट्रेनिंग'ला मराठीत काय म्हणावं?

एका कारखान्याची कर्मचारी-पुस्तिका मराठीत करून देतोय. त्यात नव्या माणसाला शिकवायच्या चार तऱ्हा आहेत: वर्गात बसवून, मशिनवर उभं करून, जुन्या माणसाच्या हाताखाली देऊन आणि दर सहा महिन्यांनी खातं बदलून. मी सगळीकडे 'प्रशिक्षण' चिकटवत गेलो. कार्यस्थळ प्रशिक्षण, वर्ग प्रशिक्षण, आवर्ती प्रशिक्षण. मसुदा वाचून तिथले सुपरवायझर म्हणाले, "साहेब, छान आहे, पण खाली कोणी वाचणार नाही." शब्द सुचवा.

प्रतिसाद:
सरकारी मराठीत 'सेवापूर्व', 'सेवांतर्गत' आणि 'पायाभूत प्रशिक्षण' रुळलेत. तेच घ्या, उगाच नवे शब्द पाडू नका. रिफ्रेशरला 'उजळणी वर्ग' तर शाळेपासून ओळखीचा.

धागाकर्ता:
उजळणी वर्ग घेतला, आभार. पण 'सेवांतर्गत' म्हणजे फक्त नोकरीत असताना. हॉटेलच्या हॉलमध्ये स्लाइडी बघणंही सेवांतर्गतच की! मला मशिनपाशी उभा असलेला माणूस दाखवायचाय.

प्रतिसाद:
बरीच वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशिनवर, काढली आहेत, म्हणून जरा लांबवतो. मुळात गोंधळ 'जॉब'चाच आहे. वर्कशॉपमध्ये जॉब म्हणजे नोकरी नव्हे, मशिनवर चढवलेला तुकडा. 'जॉब लाव', 'जॉब काढ', 'जॉब रिजेक्ट झाला'. त्यामुळे 'ऑन द जॉब' ऐकलं की आमच्या डोळ्यांसमोर चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, धरलेला गजच येतो. आणि गंमत म्हणजे शिकणं तिथेच होतं.

याला आपल्याकडे शब्द होता: उमेदवारी. उमेद फारसी. नोकरीच्या आशेवर कुणाच्या तरी हाताखाली राबणारा तो उमेदवार, बहुधा बिनपगारी. आता निवडणुकीने तो शब्द पळवला. 'मुलगा उमेदवारी करतोय' म्हटलं तर लोक विचारतील, कुठल्या वॉर्डातून? कायद्याने मात्र जुना अर्थ जपलाय. १९६१चा अप्रेंटिस कायदा मराठीत 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' आहे, आणि त्या उमेदवाराला मिळतं ते विद्यावेतन. फार नेमका शब्द, पगारही नाही आणि भीकही नाही.

क्रियापदं बघा. प्रशिक्षण 'देतात' आणि 'घेतात', औषधासारखं. उमेदवारी 'करतात'. आणि हात 'बसतो', तो कुणी बसवून देत नाही. मला शिकवणाऱ्या काकांनी पहिला आठवडा मशिनला हात लावू दिला नाही. निघणाऱ्या चिपकडे, म्हणजे कातताना सुटणाऱ्या धातूच्या किसाकडे, बघ म्हणाले. कातायचं टूल एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) असेल आणि स्टीलची चिप निळी पडायला लागली, तर स्पीड जास्त आहे किंवा टूलची धार गेली. जास्त उष्णता सोसणारं कार्बाइडचं टूल असेल तर निळी चालते. हे कुठल्या वर्गात सांगितलं असतं तर दुपारपर्यंत विसरलो असतो. म्हणून माझं मत: 'हाताखाली शिकणे'. सरळ लिहा.

प्रतिसाद:
'तालीम' का नको? अरबीत तिचा अर्थच शिकवणं. गांधीजींची १९३७ सालची वर्ध्याची योजना 'नई तालीम' म्हणूनच ओळखली गेली, आणि तिचा गाभा हाताने काम करत शिकणं हाच होता.

प्रतिसाद:
हिंदीत चालेल. मराठीत तालीम म्हटली की एक तर कोल्हापूरची लाल माती, नाही तर नाटकाची रिहर्सल. 'सोमवारी फिटरची तालीम' वाचून लोक लंगोट घेऊन येतील. अवांतर: आयटीआयमध्ये शिकवणारा 'शिल्प निदेशक' असतो. हिंदीत निदेशक म्हणजे डायरेक्टर. दोन्ही भाषांत पत्रव्यवहार करताना एवढं सांभाळा.

प्रतिसाद:
'हाताखाली'ला माझा थोडा विरोध. त्यात दुय्यमपणाचा वास येतो, शिवाय वरच्या माणसावर काहीच बंधन नाही. तुमच्या काकांना शिकवायची हौस होती, सगळ्यांना नसते. कित्येक जण वर्षभर फक्त चहा आणायला लावतात आणि आपली युक्ती दाखवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' म्हणून कार्यक्रम निघाला, त्यात सुपरवायझरलाच शिकवायला शिकवत: आधी माणसाची तयारी करून घे, मग करून दाखव, मग त्याच्याकडून करून घे, नंतर लक्ष ठेव. तेव्हा पुस्तिकेत शिकवणाऱ्याचं कामही क्रियापदातच येऊ द्या.

धागाकर्ता:
हे पटलं. आता असं केलंय: 'पहिले तीन महिने तुम्ही अनुभवी ऑपरेटरसोबत मशिनवर काम करत शिकाल. ते आधी करून दाखवतील, मग तुमच्याकडून करून घेतील.' प्रशिक्षण फक्त वर्गातल्यासाठी ठेवलं.

राहिलं ते जॉब रोटेशन. 'खातेबदल' लिहिलं होतं. सुपरवायझर म्हणाले, आमच्याकडे खातं बदलतात ते भांडण झाल्यावर.

प्रतिसाद:
'पाळीपाळीने सगळी खाती' करून बघा. पण पाळी म्हणजे शिफ्टही, तेव्हा 'आळीपाळीने'च बरं.