नाक मोकळे होणे आणि वास येणे

नाकातले पॉलिप (अस्तरावर वाढलेले मऊ कोंब) शस्त्रक्रियेने काढले की वास आपोआप परत येतो, असे म्हटले जाते; ते अर्धेच खरे वाटते. गंधपेशी नाकाच्या छताशी अरुंद फटीत असतात. तिथे हवा पोहोचली तरी इंटरल्यूकिन-४ व १३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांमुळे दाह धुमसत राहिला, तर गंधज्ञान मंदच राहू शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायनस-२४ आणि सायनस-५२ या चाचण्यांत हाच मार्ग अडवणारे ड्युपिल्युमॅब हे औषध पॉलिपच्या रुग्णांना पंधरवड्याला टोचले गेले. कागद खरवडून ४० वास ओळखण्याच्या परीक्षेत २४ आठवड्यांनी त्या रुग्णांची सुधारणा प्लासिबो (औषध नसलेली नकली सुई) गटापेक्षा सुमारे १० गुणांनी अधिक होती. शस्त्रक्रिया निरुपयोगी मुळीच नाही, तिच्यामुळे दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचे द्रावण सायनसपर्यंत (नाकाभोवतीच्या पोकळ्यांपर्यंत) नीट पोहोचते.