पीजेचं शेंदुर्णी स्टेशन: इतिहास गोळा करायला सुरुवात कुठून करू?

शेंदुर्णीची_लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर शेंदुर्णी, राहते पुण्यात. पाचोरा–जामनेर पीजे, आपली अरुंद रुळांची (नॅरोगेज) छोटी गाडी, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. आता ब्रॉडगेज होणार, लाईन पुढे बोदवडपर्यंत जाणार. त्याचा आनंदच आहे. पण जुन्या स्टेशनाचं काय? माझी आजी लग्न होऊन याच गाडीनं शेंदुर्णीला आली. ते स्टेशन जपावं असं गावातल्या बऱ्याच जणांच्या मनात आहे. अर्ज करायचा तर हातात काहीतरी ठोस हवं. नेटवर तेच चार फोटो फिरतात. 1880 चं खान्देश गॅझेटियर चाळलं, त्यात या लाईनचं नावही नाही. कुठून सुरुवात करू?

वाघूरकाठ

आमचं पहूर पण लिहा ताई! पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. 56 किलोमीटरात एवढीच स्टेशनं, त्यामुळे एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही. पहूरहून अजिंठ्याची लेणी जवळ, म्हणून जुन्या काळी लेणी बघायला निघालेले प्रवासीही या गाडीनं यायचे. तुमच्याकडे त्रिविक्रमाच्या यात्रेला गाडीला कशी गर्दी असायची, ते सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा. आणि आत्ताच विचारा, पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

गँगमनचा_पोरगा

ताई, 1880 मध्ये भुसावळची मोठी लाईन होती, पीजे नव्हती. पीजे आली पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. तोवर 1906 साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले होते. आपला जिल्हा 1960 पर्यंत पूर्व खान्देश म्हणून ओळखला जायचा. जुन्या दप्तरात ‘जळगाव जिल्हा’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, ‘पूर्व खान्देश’ शोधा.

पण माझं ऐकाल तर कागदाच्या आधी लोखंड वाचा. माझे वडील पीजेवर गँगमन होते, त्यांच्या मागं मागं लाईनवरनं चालत मी मोठा झालो. रुळाचं डोकं आणि पाया यांच्या मधे जी उभी पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. गंजामुळे नुसत्या डोळ्याला तिथं खरखरीशिवाय काही दिसत नाही. वडील आधी तारेच्या ब्रशनं घासायचे, मग खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवायचे. वर आलेली अक्षरं पांढरी व्हायची आणि खालचा गंज तांबडा तो तांबडाच. मला आकडे ओळखायला त्यांनी असेच शिकवले. मात्र रुळावरचं साल ते लाईनचं साल असं धरू नका. रूळ बदलले जातात, एकीकडचे काढून दुसरीकडे टाकले जातात. सापडतील तेवढे तुकडे वाचा, प्रत्येकाचा फोटो काढा आणि तो कुठं सापडला तेही लिहून ठेवा.

लाईन उखडली तरी रूळ संपत नाहीत. जुना रूळ रेल्वे खांबाला वापरते. कुंपण बघा, छपराखालचे खांब बघा. छोट्या स्टेशनावरची घंटासुद्धा टांगलेला रुळाचा तुकडाच असतो. भंगारात पहिली जाते ती घंटा, म्हणून तिची चौकशी सगळ्यात आधी करा. लोखंडी सामानावर ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, जुनी रेल्वे कंपनी) दिसलं तर ते 1951 च्या आधीचं, कारण त्या साली मध्य रेल्वे झाली. नावाची पिवळी पाटी असेल तर तीही राखा. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असेल, तर सगळ्या स्टेशनांच्या उंच्या ओळीनं मांडा. पाचोऱ्याहून निघालेली गाडी कुठं चढाला लागायची ते त्यातनं कळेल.

नकाशांसाठी माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी. इमारतीचं मूळ ड्रॉइंग आणि नंतरच्या दुरुस्त्या, दोन्ही मागा. जपण्याचा अर्ज भुसावळला डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) साहेबांच्या नावे द्या आणि नव्या स्टेशनाचा आराखडा पक्का होण्याआधी द्या. त्यात नुसतं ‘वारसा जपा’ लिहू नका. जुनी खोली वापरात ठेवा असं मागा. तिकीट खिडकी करा, प्रवाशांना बसायला द्या, गावाच्या वाचनालयाला द्या, काहीही चालेल. कुलूप घातलेली कौलारू खोली दोन पावसाळ्यांत गळायला लागते, मग तिला धोकादायक ठरवून पाडतात. जिथं रोज माणूस झाडू मारतो ती इमारत टिकते. संग्रहालय हवंच असेल तर त्याच खोलीत एक भिंत द्या.

नवापूरकर

अर्जात बिलिमोरा–वघईचा दाखला जरूर द्या. 1913 साली बडोद्याच्या गायकवाडांच्या रेल्वेनं सुरू केलेली, 63 किलोमीटर लांब, गेज पीजेचंच, अडीच फुटी. 2020 च्या शेवटी ती बंद होणाऱ्या गाड्यांच्या यादीत होती. नंतर पश्चिम रेल्वेनं वारसा म्हणून ठेवायचं ठरवलं आणि सप्टेंबर 2021 मध्ये ती परत धावली. पीजेची गाडी आता तशी वाचणार नाही, पण रेल्वेनं एकदा मन केलं तर काय होऊ शकतं हे साहेबांना दाखवता येईल. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तेही एकदा बघून या. वस्तूंची नोंद कशी ठेवतात ते समजेल.

शेंदुर्णीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, रुळावर साल असतं हे मला माहीतच नव्हतं! भावाला फोन केला, तो उद्याच घंटेची चौकशी करतोय. माहिती अधिकाराचा अर्ज आज रात्री लिहिते. पुठ्ठ्याची जुनी तिकिटं कुणाकडे आहेत का?

पाचोऱ्याचा_भो

आहेत ना ताई. आमच्या आजोबांच्या पेटीत पाचोरा ते शेंदुर्णीची आहेत, तारखेचा ठसा स्पष्ट वाचता येतो. रविवारी दोन्ही बाजू स्कॅन करून इथंच टाकतो. मूळ तिकिटं मात्र खोली झाली की मगच देईन, आईची तशी अट आहे.