नाफ्प्लिओला आईला घेऊन जातोय, जुन्या गावात राहू की बाहेर?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात मी, बायको आणि आई ग्रीसला चाललोय, अथेन्स झालं की तीन रात्री नाफ्प्लिओ. अथेन्सच्या आधी १८३४ पर्यंत ग्रीसची राजधानी हेच होतं आणि शिवाय समुद्राकाठी, म्हणून ठरवलं. आता प्रश्न राहण्याचा. फोटोत जुनं गाव बघितलं की आपलं पणजीतलं फोंतेन्हास आठवतं, तशाच अरुंद गल्ल्या, बाल्कन्या, बोगनवेल, बायकोला तिथेच राहायचंय. पण आई ६८ ची, गुडघ्यांमुळे घरचा जिनासुद्धा कठडा धरून उतरते, आणि पूर्ण शाकाहारी. मग नव्या भागात लिफ्टवालं हॉटेल घेऊ, की तोलोला बीचवर राहून ये-जा करू? गाडी घ्यावी का? कोणी जाऊन आलंय का?

फोंड्याची ताई:
दादा, जुन्या गावातच राहा पण खालच्या सपाट भागात, सिंताग्मा चौक आणि बंदर यांच्या मधल्या गल्ल्यांत. गाव डोंगराला टेकून आहे, वरचा भाग म्हणजे आक्रोनाफ्प्लियाच्या उतारावरची जुनी कोळ्यांची वस्ती, प्सारोमाखालास म्हणतात, दिसायला फार सुंदर पण तिथे गल्ली म्हणजेच जिना. आम्ही फोटो बघून तिथलंच घर बुक केलं, मालकाने लिहिलं होतं "चौकापासून पाच मिनिटं", ते खरंच होतं पण त्या पाच मिनिटांत साठेक पायऱ्या होत्या हे लिहिलं नव्हतं. सासूबाई दर दहा पायऱ्यांवर कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसायच्या, नवरा दोन बॅगा उचलून पुढे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या तुम्ही जाऊन या, मी खोलीतच बसते. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून बुक करण्याआधी मेसेज करून दोनच गोष्टी विचारा, रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि दारापासून खोलीपर्यंत किती, कारण जुन्या घरांत आतला जिना लाकडी आणि उभा असतो, लिफ्ट क्वचितच. तळमजला मिळाला तर सोडू नका.

आणि खाली राहिलात की आईंना संध्याकाळी एकटीलाही बाहेर पडता येईल. चौकात सगळी संगमरवरी फरशी, पोरं बॉल खेळत असतात, म्हातारी माणसं बाकांवर, गाडी नाही की हॉर्न नाही. तिथून बंदर अगदी जवळ, समोर पाण्यात बुर्त्झी, व्हेनिसवाल्यांनी १४७३ च्या सुमारास बेटावर बांधलेला छोटा किल्ला. फक्त पाऊस पडला की ती फरशी जाम निसरडी होते, आईंना चांगल्या सोलचे बूट घ्या.

डिचोलीकर:
ताईचं पटतं पण गाडी घेणार असाल तर मी नव्या भागात राहीन. जुन्या गावात गाडी आत नेता येत नाही, बंदरावरच्या मोठ्या पार्किंगला लावायची आणि तिथून दगडी गल्लीतून बॅगा ओढायच्या. नव्या भागातून जुनं गाव दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्याने, लिफ्ट मिळते. तोलो मात्र नको, दहा-बारा किलोमीटर लांब आहे, बीचसाठी छान, पण तुम्ही गोव्याहून जाऊन बीचवर कशाला राहताय. गाडी नसली तरी अडत नाही, अथेन्सच्या किफिसोस स्टँडवरून थेट बस आहे, सव्वादोन-अडीच तास, वाटेत कोरिंथचा कालवा लागतो.

म्हापशेकर:
दोघांचे आभार. मग बसने येऊन खालच्या गल्लीतच राहतो. पालामिदी किल्ल्याचं काय, ९९९ पायऱ्या म्हणतात, आईला सोडूनच जावं लागेल ना? आणि जेवण?

डिचोलीकर:
सोडून कशाला! मागच्या बाजूने थेट वरच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे, टॅक्सी करा. ९९९ हा लोकांच्या तोंडचा आकडा, मोजणाऱ्यांना कमीच भरतात, तुम्ही दोघं उतरताना त्या वाटेने या, आईला टॅक्सीने खाली पाठवा. आत चढ-उतार आहे तरी दरवाजाजवळून दिसतं तेवढंही पुष्कळ, आख्खं आखात. व्हेनिसने १७११ ते १७१४ एवढ्यात बांधला आणि १७१५ ला तुर्कांनी घेतलाही. कोलोकोत्रोनिसला ठेवलेली म्हणून जी कोठडी दाखवतात तिथे पूर्ण वाकून आत जावं लागतं. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती, आणि १८३३ मध्ये आपल्याच नव्या सरकारने त्याला कैदेत टाकलं. आग्वादचा तुरुंग बघून आलेल्या माणसाला तिथे उभं राहवत नाही.

फोंड्याची ताई:
जेवणाची काळजी करू नका. त्यांच्यात उपासाचं जेवण असतं, "निस्तीसिमो" म्हणा, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. पण उपासाला कालवं-कोळंबी चालतात त्यांना, तेवढं वेगळं सांगा. फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कांदा, ऑलिव्ह तेल आणि लिंबू, सासूबाईंनी बोटाने चाखलं आणि म्हणाल्या हिंग तेवढा घातला नाही. मोठ्ठे पांढरे वाल टोमॅटोत भाजून येतात ते यिगान्देस. भात भरलेले टोमॅटोही असतात, त्यात कधी खिमा घालतात, विचारूनच घ्या.

एक दिवस एपिदाव्रोसला ठेवा, तीसेक किलोमीटर. तिथलं दगडी थिएटर इ.स.पू. चौथ्या शतकातलं, आईंना वर चढवू नका, खालच्या ओळीत बसवा आणि तुम्ही मधोमध उभे राहून साध्या आवाजात दोन ओळी म्हणा. आम्ही सासूबाईंना मधे उभं केलं, त्यांनी रामरक्षा म्हटली, मी अगदी वरच्या ओळीत बसले होते आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

म्हापशेकर:
ताई, आईला आत्ताच वाचून दाखवलं. मालकाला पायऱ्यांचा मेसेजही टाकलाय, उत्तर आलं की इथे लिहितो.