मदत हवी आहे : ३ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.०५, पुणे. लेक ड्रॅगन की साप?

नमस्कार मंडळी. मी सिंगापूरला असते, नवरा तिथलाच चिनी. पहिलं बाळंतपण म्हणून पुण्याला माहेरी आलेय. लेक ३ फेब्रुवारीला रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी झाली. दोघी मजेत आहोत. पण सासरी दोन तट पडलेत. महिना भरला की बाळाला सोन्याचं पदक घालतात, आणि पदकावर ड्रॅगन काढायचा की साप हेच ठरत नाहीये.

चिनी वर्षांना ओळीने बारा प्राण्यांची नावं असतात. नववर्ष यंदा २९ जानेवारीला झालं, ड्रॅगनवर्ष संपून सर्पवर्ष लागलं. माझ्या लेखी विषय तिथेच मिटला होता. मात्र आमचे मामेसासरे थोंगशू (तिकडचं पंचांग) कोळून प्यालेत. त्यांचं म्हणणं, पत्रिकेचं वर्ष नववर्षाला बदलत नाही, लीचुनला बदलतं. लीचुन म्हणजे त्यांचा वसंतारंभ: सूर्य सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) ३१५ अंशांवर येतो तो क्षण, दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आगेमागे. यंदा तो ३ तारखेलाच, रात्री १० वाजून १० मिनिटांनी होता. ८.०५ त्याच्या आधी, म्हणून मुलगी ड्रॅगन. सासूबाईंना नातवंड ड्रॅगनच हवं होतं, त्यामुळे त्यांनी लगेच मान डोलावली.

आता माझी शंका. १०.१० ही बीजिंगची वेळ (सिंगापूरचं घड्याळही तेच). भारतात तेव्हा ७.४० वाजले होते. म्हणजे लेक लीचुन होऊन गेल्यावर जन्मली ना? मामा म्हणतात, थोंगशूत छापलंय ते छापलंय, जन्मवेळ जिथली तिथली धरायची.

दुसरं म्हणजे, नवऱ्याने घरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरचे फोटो पाठवलेत. थोंगशूत रोज एक असे दिवसाचे बारा ‘अधिकारी’ (कोणता दिवस कशाला चांगला ते सांगणारे) ओळीने येतात, तरी २ आणि ३ तारखेला एकच आहे: ‘छू’, झाडून काढण्याचा दिवस. लेक साप असल्याचा हा पुरावा धरता येईल का?

आणि ऋतुबलाचं, म्हणजे ऋतूप्रमाणे पाच तत्त्वांच्या कमीजास्त जोराचं काय? वसंतात लाकूड प्रबळ, अग्नी चढता, पाणी विसावलेलं, धातू कैदेत, माती मेलेली असं मानतात. पत्रिकेत दिवसालाही तत्त्व असतं, लेकीचा दिवस यिन (सौम्य) पाण्याचा. महिन्यांनाही प्राणी असतात, लीचुनला बैल महिना संपून वाघ महिना लागतो. बैल महिन्यात जन्म धरला तर गारठलेलं पाणी, त्याला ऊब हवी. वाघ महिन्यात धरला तर तेच पाणी लाकडाला पोसण्यात खर्ची पडतं. २५ मिनिटांनी एवढा फरक?

(‘हे सगळं थोतांड आहे’ यासाठी वेगळे धागे आहेत. तिथे मीही हिरिरीने लिहिते.)

प्रतिसाद १
अभिनंदन! तुमचं बरोबर आहे. लीचुन हा आकाशातला एकच क्षण, साऱ्या पृथ्वीसाठी तोच. आपण संक्रांतीची वेळ परदेशात बदलून घेतो तसंच हे. दोन्ही वेळा ग्रिनिचच्या करा: लीचुन १४.१०, जन्म १४.३५. सापच.

मात्र एक खोच आहे, मामा उद्या तीच काढतील. पत्रिकेत वर्ष, महिना, दिवस, तास असे चार स्तंभ असतात; त्यातल्या तासाच्या स्तंभासाठी बरेच जण स्थानिक सूर्यवेळ घेतात. पुणं भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ रेखांशाच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे साधारण ३५ मिनिटं वजा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या आणखी १३-१४ मिनिटं मागे असतो. म्हणजे ७.१७ च्या सुमारास. ही वेळ ७.४० शी ताडून ‘बघा, आधीच झाली’ म्हणतील. ते चूक. एक वेळ सूर्याची केली तर दुसरीही करायला हवी. तासाचा प्रश्न नाही, सात ते नऊ हा कुत्र्याचाच तास.

‘छू’चा पुरावा मात्र सोडा. महिना बदलतो त्या तारखेला आदल्या दिवशीचाच अधिकारी पुन्हा येतो, आणि तो पूर्ण तारखेला लागू होतो, मिनिटाला नाही. मुहूर्तासाठी ठीक, जन्मासाठी कुचकामी.

अवांतर: सरत्या ड्रॅगन वर्षात (१० फेब्रुवारी २०२४ ते २८ जानेवारी २०२५) लीचुन आलाच नाही. त्याला विधवा वर्ष म्हणून लग्नं टाळणारे आहेत. साप वर्षात अधिक सहावा महिना असल्याने दोन लीचुन. अधिक महिन्याचा नियमही आपल्यासारखाच: ज्या चांद्रमासात सूर्य नव्या राशीत जात नाही तो अधिक. फक्त त्यांच्या राशी सायन, आपल्या निरयन.

प्रतिसाद २
ऋतुबलाबद्दल: स्तंभ लीचुनच्या क्षणी बदलतो, जोर हळूहळू चढतो. वाघ महिन्याचे पहिले सात दिवस मातीचे, पुढचे सात अग्नीचे, उरलेले सोळा लाकडाचे अशी एक जुनी वाटणी आहे. तेव्हा पाणी लगेच लाकडाकडे धावलं असं वाचू नका. हवा अजून थंडच, त्यामुळे उबेची गरज दोन्ही पक्षांत राहते. बीजिंगला त्या दिवसांत नदी-तलाव गोठलेले असतात, तरी पंचांगात वसंत लागलेला असतो.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. ग्रिनिचचा हिशेब कागदावर मांडून मामांना पाठवला. त्यांनी खरोखरच सूर्यवेळेची खोच काढली! आता दोन्ही बाजू सूर्यवेळेत करून पाठवतेय. सोनाराला साप सांगितलाय. ही बातमी सासूबाईंना कशी द्यावी, यावर कुणाला काही सुचत असेल तर लिहा, परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे.