हरभरा विकून आलेला माणूस वाटाण्याचं बेसन मागतो, तेव्हा काय म्हणायचं?

गल्ल्यावरचा (अमळनेर तालुका)
गावात किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझ्याकडे दोन गोण्या शेजारी शेजारी असतात: एक निव्वळ हरभऱ्याचं बेसन, दुसरं पिवळा वाटाणा घातलेलं मिश्र पीठ. गोणीवर तसं छापलंय, लपवाछपवी नाही. किलोमागे वीसेक रुपयांचा फरक. खपतं ते मिश्रच.

2025 च्या उन्हाळ्यात एक काका बाजार समितीत हरभरा विकून थेट दुकानात आले. काटापट्टी (वजनाची पावती) खिशातून डोकावत होती. बाहेरून वाटाणा आणतात म्हणून आमच्या मालाला कुत्रं विचारत नाही, असं दहा मिनिटं चाललं. मग म्हणाले, "भाऊ, माले ते सस्तावालं दे दोन किलो." मी तोलून दिलं. मागच्या उधारीचं विचारलं तर, "भाव कुठे आला रे, थांब जरा."

म्हणजे चाळीसेक रुपये वाचवले त्यांनी, आणि अडकले माझे. गिऱ्हाईक स्वस्त मागतं यात देशाचं भलं आहे की वाटोळं? खरंच कळत नाही म्हणून विचारतोय.

डाळमिल_जळगाव
दादा, आमची बाजूही ऐका. इथली तूर जानेवारी ते मार्च जोरात येते, पुढे आवक आटते. मग मिल काय बंद ठेवायची? मुंद्र्याहून किंवा न्हावा शेव्याहून मोझांबिकची, म्यानमारची तूर येते, तीच भरडतो. हमाल, ऑपरेटर, टेम्पोवाला सगळ्यांची चूल त्यावर आहे. 2015 ला तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली तेव्हा लोकांनी वरणच पातळ केलं होतं. बाहेरचा माल वाईट असं सरसकट म्हणू नका. कधी आणि किती आणला, तिथे गडबड होते.

मास्तर_धुळे
डाळमिलवाल्यांनी 2015 सांगितलं, मी पुढचं सांगतो. तो भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली. 2016 मध्ये सरकारने मोझांबिकशी आयातीचा करार केला, आणि 2017 च्या सुरुवातीला आपलं पीक बाजारात आलं तेव्हा बोनससकट क्विंटलला 5050 रुपये हमीभाव असूनही व्यापारी त्याच्या खालीच घेत होते. माझे सासरे बारदान (रिकाम्या गोण्या) मिळेना म्हणून खरेदी केंद्राबाहेर दोन रात्री ट्रॉलीत झोपले. पुढच्या वर्षी त्यांनी तूर लावलीच नाही. पेरा घटला की टंचाई, टंचाई झाली की पुन्हा जहाज.

सरकार असं का वागतं? महागाई 4 टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य रिझर्व्ह बँकेला दिलंय, आणि महागाई ज्यावर मोजतात त्या 2012 पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता. डाळ चढली की आकडा चढतो, लगेच बोंब होते. डाळ पडली तर फक्त शेतकरी ओरडतो. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून विनाशुल्क येत होता, 30 टक्के शुल्क लागलं ते नोव्हेंबर 2025 ला. मधल्या काळात हरभऱ्याचे दोन हंगाम निघून गेले. शिवाय जहाजाचे पैसे डॉलरमध्ये जातात, ते गावात फिरत नाहीत. तुमची उधारी म्हणजे त्याचंच छोटं रूप.

खानावळ_चोपडा
मास्तर, तुमचं खरं असेल, पण मी रोज शेव पाडते. मिश्र पिठाच्या शेवेला कच्चट वास येतो, रस्सा कितीही झणझणीत करा. म्हणून मी हरभऱ्याचंच घेते. पण शेवभाजीची प्लेट दहा रुपयांनी वाढवली तर गिऱ्हाईक समोरच्या गाड्यावर जातं. जाणारे कोण, तर केळीच्या बागेतले मजूर. त्यांना काय सांगू, देशासाठी दहा रुपये जास्त द्या?

गल्ल्यावरचा
ताई, हे मात्र पटलं. मजुराकडून अपेक्षा करणं बरोबर नाही. मास्तर, तुमच्या सासऱ्यांसारखंच आमच्या काकांचं झालं. यंदा हरभऱ्याच्या जागी मका लावलाय. परवा आले, बेसन तेच नेलं, जुन्यातले दोनशे दिले.

मी निव्वळवाल्या गोणीवर "आपल्या तालुक्याचा हरभरा" अशी पाटी लावून बघणार होतो, पण तो हरभरा नक्की कुठला ते मलाच माहीत नाही. डाळमिलवाले दादा, तुमच्याकडे इकडच्याच मालाचं बेसन असेल तर ठोक भाव मेसेज करा. आधी एकच गोणी घेईन.