मदत हवी आहे: आयुष्यातला पहिला पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड), बनवायला टाकण्याआधी कोणी नजर टाकेल का?

नमस्कार मंडळी,

मी बी.कॉम.वाला. इलेक्ट्रॉनिक्स सगळं बघून-बघून आणि जाळून-जाळून शिकलेलो. गच्चीवरच्या टाकीसाठी कंट्रोलर केलाय: टाकी भरली की अर्ध्या एचपीची मोटर बंद, पाणी खाली गेलं की चालू. झिरो बोर्डवर (भोकांच्या बोर्डवर हाताने वायरी जोडून) चार महिने चालला. मग एक वायर सुटली, टाकी तासभर वाहिली आणि शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड गेले. त्यानंतर ठरवलं, आता नीट बोर्डच करायचा.

कायकॅडमध्ये (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) ८० बाय ६० मिमीचा दोन लेयरचा बोर्ड काढलाय. ५ व्होल्टचं तयार सप्लाय मॉड्यूल, पुढे ५ चे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर एएमएस१११७-३.३, सगळं चालवणारं वायफायवालं ईएसपी३२-व्रूम मॉड्यूल, आणि मोटरसाठी तो निळा चौकोनी ५ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच). तो बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर, उलटा १एन४००७ डायोड लावून. दोन्ही लेयरवर मोकळ्या जागी ग्राउंडचं तांबं ओतलंय. डीआरसीत (सॉफ्टवेअरची आपोआप होणारी नियम-तपासणी) शून्य एरर, तेवढाच काय तो अभिमान.

अडलंय ते असं. अँटेना बोर्डच्या कडेला आहे, वरचं तांबं काढलंय, खालचं राहू दिलं तर चालेल का? १११७ गरम होतो, म्हणून त्याचा मोठा टॅब ग्राउंडला जोडू का? आणि एक जुनं कोडं: टाकी भरलेली असताना लाइट जाऊन आली तर सगळं ठीक, पण अर्धी असेल तर ईएसपी उठतच नाही. वरचा फ्लोट (पाण्याच्या पातळीचा स्विच) ईएसपीच्या जीपीआयओ १२ या पिनवर आहे, १० के पुल-अप (एरवी पिन ३.३ व्होल्टवर, म्हणजे हाय ठेवणारा रेझिस्टर) लावून. टाकी भरली की तो पिन ग्राउंडला जातो.

हो, आणि २३० व्होल्टचे ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) २ मिमी रुंद आहेत. पुरतील ना? स्क्रीनशॉट खाली जोडलेत.

प्रतिसाद

शेवटी सहज विचारलंत तिथूनच सुरू करतो. रुंदीचं नंतर बघू. तुमचं ग्राउंड रिलेच्या कॉमन पिनपासून (मोटरची वीज जिथे येते तो पिन) मिलिमीटरभरावर आलंय! त्या रिलेत कॉमन पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध असतो, आणि तिथे २३० असतात. डीआरसी गप्प बसला, कारण तो ट्रॅक २३० चा आहे हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही. त्याच्या लेखी ०.२ मिमी अंतर पुरेसं. मेन्सच्या (२३० व्होल्टच्या) जोडण्यांचा सॉफ्टवेअरमध्ये वेगळा क्लास करा. त्यांच्या अंतरात मी ६ मिमीच्या खाली जात नाही. रिलेखालचं ग्राउंड दोन्ही लेयरवरून काढा आणि कॉमन पिनभोवती खाच कापून घ्या, कारण तिथे पॅड-पॅडमध्येच जेमतेम ४ मिमी उरतात. कॉइल आणि कॉन्टॅक्टचे पिन वेगवेगळ्या टोकांना असलेला रिले मिळाला तर उत्तम.

आणि रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट खेचते. कॉन्टॅक्ट चिकटले तर पुन्हा पापड. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीचा दणकट रिले) कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टरवर. मग २ मिमी भरपूर झाले.

कोडं सोपं आहे. जीपीआयओ १२ सुरू होताना हाय दिसला, तर ईएसपी३२ फ्लॅशला (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी) ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देतो. अर्ध्या टाकीत तुमचा फ्लोट उघडा, म्हणून पिन हाय. फ्लोट २७ वर न्या. गच्चीपर्यंत लांब वायर आहे, म्हणून पिनपाशी १ के रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १०० नॅनोफॅरड कपॅसिटर ग्राउंडला.

टॅब ग्राउंडला अजिबात नको! १११७ चा टॅब म्हणजे आउटपुट. सरळ शॉर्ट होईल. उष्णतेसाठी ३.३ च्याच तांब्याचा पट्टा मोठा करा आणि आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जवळ ठेवा. अँटेनाखालचं तांबं दोन्ही लेयरवरून काढा.

मूळ धागाकर्ता

दादा, रिलेचं वाचून आधी जिना उतरलो आणि झिरो बोर्डचा प्लग काढला. त्यात हे अंतर याहून कमी आहे. सध्या मोटर आई हाताने लावतेय आणि दर वेळी माझं नाव घेतेय.

फ्लोट २७ वर नेला, दोन्हीकडचं ग्राउंड कापलं. आता कॉन्टॅक्टरची कॉइल २३० ची घेतली, तर रिलेच्या कॉन्टॅक्टवर स्नबर (ठिणगी दाबणारा रेझिस्टर-कपॅसिटर) लावावा लागेल का?